सायलेन्सरलाही कल्हई हवी

गेल्या काही वर्षांत आपल्या आजूबाजूला जुन्या मोटरसायकलींचं भलतंच पेव फुटलंय. पंचवीस-तीस वर्षं चाळीच्या जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून पडलेल्या येझद्या, जावा, राजदूत, बुलेट एकेक करून उजेडात यायला लागल्या आहेत. कारण अगदी साधं आहे. आयटीत पाच-सहा वर्षं घासली की हातात थोडे पैसे येतात, शनिवार-रविवार मोकळे असतात आणि सोमवार ते शुक्रवार जे काही आपण बनवतो ते हाताला लागत नाही. मग वडिलांची किंवा काकांची गाडी आठवते. हिला स्पॅनर लावला की निदान काहीतरी खरोखर हलतं तरी! गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेटवर निघालेल्या बायका बघितल्या की तर हे वेड आणखीच चढतं.

तर अशी गाडी बाहेर निघते, इंजिन उघडतं, कार्ब्युरेटर साफ होतो, एक दिवस फटफट आवाज करून ती चालूही होते. आणि मग प्रत्येक जण एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो. पाइपचं काय करायचं? बेंड पाइप आणि सायलेन्सर गंजून चाळण झालेले असतात. बाकी गाडी कितीही चकचकीत असो, नजर पहिल्यांदा जाते ती तिथेच.

या प्रश्नाला मुंबईत एकच ठरलेलं उत्तर मिळतं. मेकॅनिक देतो, मित्र देतात, नाक्यावर चहा पिणारा अनोळखी माणूससुद्धा देतो. "क्रोम मार ना बॉस."

माझं म्हणणं असं की हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. क्रोम वाईट दिसतं म्हणून नव्हे. नीट केलेल्या क्रोमइतकं देखणं दुसरं काहीच नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण आपण जे मारून घेतो ते क्रोम नसतं, आपली गाडी जिथे उभी राहते ती जागा क्रोमची नसते, आणि त्या चकाकीची किंमत जो माणूस मोजतो तो आपल्या हिशोबात कधी धरलेलाच नसतो. एकेक मुद्दा घेऊ.

आधी क्रोम म्हणजे काय ते बघू. आपल्याला वाटतं की पाइपवर क्रोमचा जाड पत्रा चढवलेला असतो. प्रत्यक्षात सजावटीच्या क्रोम प्लेटिंगमधला क्रोमियमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास! हा थर फक्त चमक, निळसर झाक आणि कडकपणा देतो. गंजापासून खरं संरक्षण करतं ते त्याच्या खालचं निकेल. त्याखाली तांबं असतं, ते पृष्ठभागाचे बारीक ओरखडे भरून काढतं आणि निकेलला धरून ठेवतं. म्हणजे तांबं, निकेल आणि मग क्रोम, अशी ही तीन मजली इमारत आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत टिकायचं तर निकेलचा थर तीसेक मायक्रॉनचा हवा. तोही शक्यतो दुहेरी, म्हणजे खाली अर्धचमकदार आणि वर चमकदार निकेल.

आता गोम अशी आहे की तीन मायक्रॉन निकेल आणि तीस मायक्रॉन निकेल डोळ्यांना सारखंच दिसतं. दुकानातून पाइप घरी आणताना दोन्ही आरशासारखे असतात. फरक कळतो तो पहिल्या पावसाळ्यानंतर. आणि निकेल महाग असतं. म्हणजे ज्या गोष्टीवर पैसे वाचवता येतात ती गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि जी दिसते ती स्वस्त असते. आमच्या धंद्यात यूआय झकास आणि मागे सगळा आनंदीआनंद असं जे असतं, तेच. डेमो उत्तम होतो, प्रॉडक्शनला गेलं की बोंब.

बरं, थर पातळ असला तर थोडं आधी गंजेल, एवढंच ना? नाही. इथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आठवावी लागेल. (आठवत नसेल तर काळजी नको, मलाही पुन्हा वाचावी लागली.) जस्ताचा मुलामा लोखंडासाठी स्वतः झिजतो, म्हणून पत्र्याच्या बादलीला ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी खपतं आणि लोखंड वाचतं. निकेल आणि क्रोम तसं करत नाहीत. ते लोखंडापेक्षा 'उच्चकुलीन' आहेत. त्यांच्यात एक बारीकसं भोक पडलं आणि खारं पाणी आत शिरलं, की वरच्या सगळ्या चकचकीत पृष्ठभागाच्या बदल्यात त्या टाचणीएवढ्या जागेतलं लोखंड एकटं गंजतं. म्हणून क्रोमवरचा गंज पसरत नाही, खोल जातो. आधी तपकिरी ठिपके दिसतात, मग फोड येतात, मग एक दिवस नखाने खरवडलं तर खपली निघते आणि खाली खड्डा. असं निकृष्ट क्रोम चढवण्यापेक्षा काहीच न चढवलेलं बरं, कारण साधा गंज निदान सगळीकडे सारखा आणि उघडपणे तरी होतो.

आता आपली गाडी कुठे राहते ते बघा. परदेशातल्या मासिकांत दिसणाऱ्या जुन्या गाड्या गरम गॅरेजमध्ये राहतात आणि उन्हाळ्यातल्या चार रविवारी बाहेर निघतात. आपली येझदी गिरगावात चाळीच्या चौकात राहते किंवा परळला टॉवरच्या खुल्या पार्किंगमध्ये. एकीकडे समुद्र, दुसरीकडे बंदर. या चिंचोळ्या शहरात खाऱ्या हवेपासून लांब अशी जागाच नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात गंमत म्हणजे जगभरातले जावा-येझदीवाले आपला आंतरराष्ट्रीय दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा करतात! ज्याने कुणी ही तारीख ठरवली त्याने हिंदमाता जुलैमध्ये नक्कीच पाहिलेलं नसणार.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाइप बाहेरूनच गंजतो असं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात असतं म्हणून आपल्याला दिसत नाही. गिरगाव ते दादर आठेक किलोमीटर. लिटरला तीस किलोमीटर धरले तर पाव लिटरहून थोडं जास्त पेट्रोल आणि जवळजवळ तितकंच पाणी. सायलेन्सर पूर्ण तापला तर ही वाफ बाहेर निघून जाते. पण रविवारी सकाळी गाडी काढायची, प्रकाशकडे साबुदाणा वडा खायचा आणि परत यायचं, हा आपला प्रवास! सायलेन्सरचं मागचं टोक धड तापतच नाही. वाफ आतच थंड होते आणि पाणी तळाशी साचतं. तिथून गंज बाहेरच्या दिशेने येतो. आणि प्लेटिंगच्या टाकीत पाइप बुडवला तरी आतल्या बाजूला करंट पोचत नाही, त्यामुळे आत प्लेटिंग जवळजवळ होतच नाही. बाहेर तीस मायक्रॉन निकेल लावा नाहीतर सोनं लावा, आतलं लोखंड उघडंच.

टू-स्ट्रोक गाड्यांना याबाबतीत निसर्गाने थोडी मदत केली आहे. पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्यामुळे पाइपच्या आत तेलकट काजळीचा थर बसतो आणि तो लोखंडाला सांभाळतो. म्हणून पन्नास वर्षांच्या येझदीचा पाइप कधीकधी आतून आश्चर्यकारक धड निघतो. पण आपण करतो काय, तर काजळीने गाडी दबते म्हणून सायलेन्सर भट्टीत लाल करतो किंवा कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवतो. काजळी जाते, तेलही जातं. ते करायला हरकत नाही, गाडी मोकळी चालायलाच हवी. पण त्यानंतर आत तेलाचा हात फिरवायचा हे सांगायला कुणी उरलेलं नाही. फोर-स्ट्रोक बुलेटला तर ही तेलाची कृपाही नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर माझ्या काकांच्या येझदीचं सांगतो. गाडी १९७४ सालची, लालबागला राहणारी. काकांनी दोन्ही बाजूंचे बेंड पाइप आणि सायलेन्सर एका प्लेटिंगवाल्याकडे दिले. (येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, त्यामुळे खर्चही दुप्पट. पारसी डोक्यातून निघालेली गाडी असून हे कसं, हा प्रश्न काका नेहमी विचारतात.) मार्चमध्ये पाइप आले तेव्हा त्यात बघून दाढी करता आली असती. काका आठवडाभर सगळ्या बिल्डिंगला दाखवत होते. गणपतीच्या सुमारास तळाला तपकिरी ठिपके, दिवाळीला फोड. पण मला जास्त वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. प्लेटिंगच्या आधी जुना गंज आणि खड्डे घालवण्यासाठी पाइप भरपूर घासला गेला होता. सायलेन्सरवर जो मूळ ठसा होता तो गेला, आणि पत्रा इतका पातळ झाला की आता पुन्हा घासायला काही उरलंच नाही. म्हणजे क्रोम तर गेलंच, पण १९७४ चा पाइपही घेऊन गेलं.

इथे आमच्या भाषेतला एक शब्द वापरतो, रोलबॅक. कुठलाही बदल करताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की हे फसलं तर मागे जाता येईल का? क्रोमला रोलबॅक नाही. प्रत्येक वेळी अ‍ॅसिडमध्ये जुना थर उतरवणं, पुन्हा घासणं, पुन्हा बफिंग. प्रत्येक वेळी थोडा पत्रा जातो. जुन्या पाइपला असा प्रयोग एकदा परवडतो, फार तर दोनदा.

हा 'मूळ पाइप' काही भावनेचा विषय नाही. मुंबईत जावाच्या गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबातल्या रुस्तम आणि फारोख इराणींनी १९६० साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा केला. सुरुवातीला सुटे भाग झेकोस्लोव्हाकियाहून येत, मग हळूहळू इथे बनू लागले. १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्याने परत आलं, रुस्तम यांचे चिरंजीव बोमन इराणी आणि महिंद्रा यांच्या कंपनीतर्फे, आणि नव्या गाडीलाही एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत हे बघून बरं वाटलं. पण जुन्या गाडीचे जुने पाइप आता कुठलाही कारखाना बनवत नाही. बाजारात मिळतात ते नंतर कुणीतरी बनवलेले नमुने. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा आतला आकार इंजिनाच्या श्वासाशी जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरून सारखा दिसणारा पाइप गाडीला सारखा चालवतोच असं नाही. म्हणून जुना पाइप वाचवणं हे पहिलं काम आणि तो चमकवणं हे दुसरं.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. काकांचे पाइप आणायला मी बरोबर गेलो होतो. दहा बाय वीसची जागा, एका रांगेत टाक्या, शेवटच्या टाकीत लालसर-तपकिरी द्रव. त्याच्यावर एक मुलगा वाकून तांब्याच्या हुकाला लावलेले पाइप खालीवर करत होता. वय असेल बावीस-तेवीस. हातमोजे होते, एकाची बोटं फाटलेली. तोंडाला काही नाही. छताला पंखा होता, धूर ओढून नेणारा नव्हे, साधा घरगुती. टाकीवर बारीक धुकं होतं आणि घशात काहीतरी खवखवत होतं. मी पाच मिनिटं थांबलो. तो रोज तिथेच असतो.

त्या टाकीत क्रोमिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. फुप्फुसाचा कॅन्सर तर आहेच, पण त्याच्या कितीतरी आधी नाकातला पडदा झिजून त्याला भोक पडतं, हातावर न भरणारे व्रण होतात. धुकं का होतं तेही कळण्यासारखं आहे. क्रोम प्लेटिंग ही वीज वापरण्याच्या बाबतीत अत्यंत उधळी प्रक्रिया आहे. दिलेल्या विजेपैकी पाचवा हिस्साही धड क्रोमियम बसवण्यात जात नाही, बाकीच्या विजेने पाण्याचा हायड्रोजन होतो. तो बुडबुड्यांनी वर येतो, प्रत्येक बुडबुडा फुटताना अ‍ॅसिडचा बारीक फवारा उडवतो, आणि वाकलेला माणूस तो श्वासात घेतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. फेस धरून ठेवणारी रसायनं असतात, टाकीच्या कडेने हवा खेचणारी व्यवस्था असते, सांडपाण्यातलं क्रोमियम निरुपद्रवी करून मगच सोडता येतं. त्रिसंयुजी क्रोमियमची प्रक्रिया आहे, ती बरीच सुरक्षित असते, रंग किंचित गडद येतो इतकंच. युरोपात २०१७ पासून क्रोमिक अ‍ॅसिड वापरायला खास परवानगी लागते. कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये सजावटीच्या प्लेटिंगमधून ते टप्प्याटप्प्याने हद्दपार करायचंच ठरवलं. आपल्याकडे मोठ्या कारखान्यांत यातलं बरंच काही असतं. पण आपण दोन पाइप घेऊन मोठ्या कारखान्यात जात नाही. दोन पाइप तिथे कुणी घेतही नाही. आपण जातो गल्लीत, आणि तिथे घासाघीस करतो. त्या घासाघिशीत आधी निकेल पातळ होतं, मग पंखा साधा होतो, मग मोजे फाटके राहतात आणि शेवटी टाकीतलं पाणी तसंच गटारात जातं.

इथे मला कुणी म्हणेल की बाबा रे, त्या मुलाची नोकरी तुझ्या क्रोमवरच चालते. बरोबर आहे, आणि म्हणूनच 'क्रोमवर बहिष्कार' वगैरे मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की क्रोम करायचंच असेल तर ते महाग असू द्या. निकेल किती मायक्रॉन देणार हे विचारा, जाडी मोजून द्या म्हणा, टाकीवर हवा खेचण्याची सोय आहे का ते स्वतः जाऊन बघा. ही सोय असलेला माणूस ठाण्यात, वसईत, पुण्यात असेल तर तिथे जा. दुप्पट पैसे पडतील, पडू द्या. आपण वीकेंडला बर्गर आणि क्राफ्ट बीअरवर किती उडवतो ते आठवा. परवडत नसेल तर क्रोम करू नका, दुसरे पर्याय आहेत. शौक आपला आणि फुप्फुसं दुसऱ्याची, हा व्यवहार मला काही पटत नाही.

तर आता पर्याय.

सगळ्यात आधी काय करू नये ते. साधं पावडर कोटिंग पाइपला करू नका. कुठलाही पावडर कोटिंगवाला 'हो जाएगा' म्हणतो, पण ते पॉलिएस्टर दोनशे अंशांच्या आसपास हात टेकतं, आणि हेडजवळचा बेंड पाइप तीनशेच्या वर सहज जातो. आधी पिवळं पडेल, मग करपेल, मग सोलटेल. दुसरं म्हणजे पाइपला गुंडाळायची ती उष्णतारोधक पट्टी. फोटोत झकास दिसते, पण मुंबईच्या पावसात ती म्हणजे पाइपला बांधलेलं ओलं पोटीस. आतल्या आत गंज चढतो आणि दिसतसुद्धा नाही.

स्टेनलेस स्टीलचे नवे पाइप बनवून घेणं हा एक चांगला मार्ग आहे. ३०४ ग्रेडमध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल धातूतच मिसळलेलं असतं, त्यामुळे सोलटण्याचा प्रश्नच नाही आणि आतूनही टिकतं. खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखे तपकिरी डाग पडतात, ते पुसता येतात. गरम भाग सोनेरी होतो, मग निळा. रंग क्रोमपेक्षा थोडा पिवळसर करडा, त्यामुळे जाणकाराला लांबून कळतं. पण रोज गाडी चालवायची असेल तर उत्तम. मूळ पाइप तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा. हा खरा रोलबॅक.

सिरॅमिक कोटिंगही चांगलं. उष्णता सोसतं, काही जण पाइपच्या आतूनही करून देतात, आणि तो आपला खरा प्रॉब्लेम आहे. पण त्यासाठी पाइप वाळूच्या माऱ्याने पूर्ण साफ करावा लागतो, म्हणजे मूळ क्रोम जे काही शिल्लक असेल ते जातं. आणि चमक आरशाची येत नाही.

आणि शेवटचा, माझा लाडका पर्याय म्हणजे उष्णतारोधक सिलिकॉन रंग. सहाशे अंशांपर्यंत टिकणारा, काळा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चुऱ्याचा चंदेरी. स्वस्त, घरी मारता येतो. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. एक, चकचकीत क्रोमवर तो बसत नाही, पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत आणि तेलविरहित हवा. दोन, तो नुसता वाळून पक्का होत नाही, भाजून होतो. दोनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याची पकड येत नाही. म्हणून मारल्यावर गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, थंड होऊ द्या, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड, मग एक मोठी चक्कर. मागचा भाग इतका तापत नाही, तिथे हीट गन फिरवा. तेवढं केलं की एक पावसाळा निघतो, कधी दोन. मग पुन्हा मारायचा.

"दरवर्षी?" होय, दरवर्षी. इथेच सगळ्यांचं नाक मुरडतं, आणि इथेच मला कल्हईवाला आठवतो. आपल्या आज्यांच्या घरात तांब्या-पितळेची भांडी होती. आंबट काही शिजवलं तर कळकेल म्हणून आतून कथलाचा थर लागे. तो थर झिजणार हे सगळ्यांना माहीत होतं. कल्हई उडाली की भांडी खाली चाळीच्या चौकात जात, भाता चाले, नवसागराचा धूर निघे, कापसाच्या बोळ्याने कथील फिरे आणि भांडं पुन्हा चांदीसारखं. 'कायमची कल्हई करून द्या' असं कुणी म्हटलं नाही, आणि कल्हई उडाली म्हणून कुणी पातेलं फेकलंही नाही. थर झिजण्यासाठीच असतो आणि भांडं टिकण्यासाठी, एवढं साधं शहाणपण होतं ते. म्हणूनच ती पातेली अजून आपल्या घरी आहेत. (पाइपला मात्र खरी कल्हई करायला जाऊ नका, कथील २३२ अंशांना वितळतं. थेंब थेंब गळून बुटावर पडेल.)

आपल्या पिढीला मात्र सगळं 'एकदाच आणि कायमचं' हवं असतं. लाइफटाइम कोटिंग, झीरो मेंटेनन्स. मग जुनी गाडी कशाला घ्यायची? जुनी गाडी म्हणजेच मेंटेनन्स. शनिवारी दुपारी चौकात बसून पॉलिश पेपर घासणं ही त्या छंदाची शिक्षा नसून तोच छंद आहे.

आक्षेप येतील ते माहीत आहेत. पहिला ओरिजिनॅलिटीचा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. पण तिथे मूळ रूपाचा अर्थ चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत असा आहे. सायलेन्सरचा रंग कुणी विचारत नाही. (आवाज मात्र विचारतात. बदललेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत.) आणि खरी ओरिजिनॅलिटीच हवी असेल तर १९२० च्या दशकातल्या गाडीला क्रोम लावणं हाच अपराध आहे, कारण तोवर पाइपला निकेलच असायचं. क्रोम त्या दशकाच्या शेवटी आलं. तरी लोक त्या काळच्या गाड्यांना बिनदिक्कत क्रोम मारतात आणि वर बक्षीसही घेतात.

दुसरा आक्षेप, पाइप निळा पडतो म्हणून क्रोम खराब. निळेपणा म्हणजे गंज नव्हे. तापल्यावर पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. साध्या पोलादात पिवळट ते निळा हा प्रवास सव्वादोनशे ते तीनशे अंशांमध्ये होतो. म्हणजे निळा पाइप हा फुकटचा थर्मामीटर आहे. फारच लवकर, फारच गडद निळा झाला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इग्निशन उशिरा होतंय, ते बघा. पॉलिशने रंग घालवाल, पण कारण राहीलच.

तिसरा, रीसेल. विकायलाच काढली असेल तर मग माझं काही म्हणणं नाही. मुंबईत जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'पारसी ओन्ड' लिहिलं की भाव का वाढायचा ते मात्र आठवून बघा. दादर पारसी कॉलनीत रविवारी सकाळी चक्कर मारा, एखादा बावाजी गाडी पुसताना दिसेलच. तिथे भाव चकाकीला नसतो, रोज फिरणाऱ्या फडक्याला असतो.

थोडक्यात, माझा हिशोब असा. मूळ क्रोम अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तर त्याला हातच लावू नका. बारीक गंज अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि पाण्याने हलक्या हाताने घासा, वर मेण लावा, बस. पाइप धड पण क्रोम गेलेलं असेल आणि गाडी बाहेर उभी राहत असेल तर सिलिकॉन रंग. रोज चालवायची असेल तर स्टेनलेस, जुना माळ्यावर. गाडी बंद जागेत राहते, पैसे आहेत आणि प्लेटिंगवाल्याची टाकी स्वतः जाऊन पाहिली आहे, तरच क्रोम. आणि काहीही केलंत तरी पावसाळ्याआधी आतून तेल फिरवा आणि गाडी काढलीत की निदान अर्धा तास पळवा, म्हणजे पाणी उडून जाईल.

काकांच्या दोन्ही सायलेन्सरवर सध्या चंदेरी रंग आहे. तिसरा हात झाला. काका अजून कुरकुरतात, की पूर्वी त्यात भांग दिसायचा. पण पत्रा आहे तेवढाच आहे, आणि ऑक्टोबरमध्ये पॉलिश पेपर कुठे ठेवलाय हे आता ते मला न विचारता शोधून काढतात.